उभ्या इमारतींतील ऊर्जेची बचत

प्रास्ताविक

उन्हाळ्यात सूर्य मावळून दोन-तीन तास उलटले, बाहेर वारा सुटला, अंगणात बसणाऱ्याला गारवा जाणवू लागला, तरी गच्चीखालच्या खोलीत पाऊल ठेववत नाही, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. पंखा फिरत असतो, पण तो गरम हवाच अंगावर लोटतो. असे का व्हावे? दिवसभर छताने उन्हातून जी उष्णता शोषून घेतली, ती आता ते सावकाश खोलीत सोडीत असते. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे तो ते सुरू करतो. म्हणजे छताने आत घेतलेली उष्णता विजेच्या बळावर बाहेर हाकलण्याचे काम मध्यरात्रीपर्यंत चालू राहते. ज्याच्या घरी ते यंत्र नाही, तो तळमळत रात्र काढतो.

ही वीज येते कोठून? आपल्या देशात तिचा मोठा भाग आजही दगडी कोळसा जाळून निर्माण केला जातो. देशातील सर्व विद्युत्केंद्रांची सरासरी घेतली, तर विजेच्या एका युनिटमागे, म्हणजे एका किलोवॅट-तासामागे, सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत मिसळतो. हा वायू पृथ्वीच्या पृष्ठभागाने बाहेर टाकलेली उष्णता अडवितो, आणि त्याचे प्रमाण वाढत गेल्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे. तापमान वाढले की थंडाव्याची गरज वाढते. थंडाव्यासाठी वीज, विजेसाठी कोळसा आणि कोळशामुळे पुन्हा तापमानवाढ, असे हे चक्र आहे.

जगात वापरल्या जाणाऱ्या एकंदर ऊर्जेपैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा इमारतींच्या दैनंदिन वापरात खर्च होते, आणि ऊर्जेच्या वापरातून होणाऱ्या उत्सर्जनापैकी सुमारे चौथा हिस्सा त्यातून उद्भवतो. तेव्हा हा विषय केवळ घरखर्चाचा नाही. प्रस्तुत लेखात आपल्याला दोन गोष्टी पाहावयाच्या आहेत. जी इमारत आज उभी आहे ती न पाडता तिला लागणारी ऊर्जा कशी कमी करता येईल, ही पहिली. आणि या कामी करावयाच्या सुधारणांपैकी कोणती आधी व कोणती मागून करावी, ही दुसरी. या दुसऱ्या प्रश्नाकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. यश किंवा अपयश मात्र बहुधा त्यावरच अवलंबून असते.

जुनी इमारत पाडून नवी का बांधू नये?

असा प्रश्न कोणी विचारील की, जुन्या इमारती उष्णतेला अटकाव करीत नसतील, तर त्या पाडून नव्या शास्त्रशुद्ध इमारती का बांधू नयेत? याचे उत्तर सिमेंट व पोलाद यांच्या निर्मितीत सापडते. सिमेंट तयार करण्यासाठी चुनखडी भट्टीत भाजावी लागते. भाजताना चुनखडीतूनच कार्बन डाय-ऑक्साइड मुक्त होतो आणि भट्टीच्या इंधनातून होतो तो निराळाच. दोन्ही मिळून एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून अधिक वायू हवेत जातो. पोलादाच्या बाबतीत हे प्रमाण याहूनही मोठे आहे. उभ्या इमारतीच्या भिंती, खांब व स्लॅब यांसाठी हा खर्च पूर्वीच होऊन गेलेला आहे. इमारत पाडली म्हणजे तो वाया गेला आणि नव्या बांधकामासाठी तो पुन्हा एकदा करावा लागला. नव्या इमारतीने वर्षानुवर्षे केलेली बचत आधी हे कर्ज फेडण्यातच जाते.

आणखीही एक कारण आहे. आपल्याकडे ऊर्जासंवर्धनाचा कायदा २००१ साली झाला. त्यानंतर २००७ साली व्यापारी इमारतींसाठी आणि २०१८ साली निवासी इमारतींसाठी ऊर्जाविषयक संहिता प्रसिद्ध झाल्या. या संहितांचा मुख्य रोख नव्या बांधकामावर आहे. त्यापूर्वी उभ्या राहिलेल्या असंख्य शाळा, कचेऱ्या, रुग्णालये व घरे त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. या इमारती आणखी कित्येक दशके वापरात राहणार आहेत. तेव्हा त्यांची सुधारणा हे एक स्वतंत्र आणि आवश्यक कार्य होय.

उष्णतेच्या तीन वाटा

उष्णता उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, आणि तिच्या जाण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली वाट वहनाची. तापलेल्या स्लॅबची वरची बाजू खालच्या बाजूला उष्णता देते ती वहनाने. दुसरी वाट अभिसरणाची. येथे उष्णता हवेबरोबर प्रवास करते. दाराच्या फटीतून दुपारची झळ आत येते ती या वाटेने. तिसरी वाट प्रारणाची. तिला मध्ये कोणतेही द्रव्य लागत नाही. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत पोचते ती प्रारणाने, आणि रात्री तापलेल्या छताकडून आपल्या अंगावर येते तीही मुख्यतः प्रारणानेच. वरच्या मजल्यावर पंखा लावूनही बरे वाटत नाही, याचे एक कारण हेच. पंखा हवा हलवितो, पण छताकडून येणारे प्रारण तो थोपवू शकत नाही.

काच हा पदार्थ या बाबतीत विशेष लक्ष देण्याजोगा आहे. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो आणि जमिनीवर किंवा सामानावर पडून त्याची उष्णता होते. ही तापलेली वस्तू जे प्रारण बाहेर टाकते, ते सूर्यप्रकाशाहून निराळ्या, अधिक लांबीच्या तरंगांचे असते आणि काच त्याला बाहेर जाऊ देत नाही. म्हणून खिडकीच्या आतून लावलेला जाड पडदा ऊन अडवितो खरा, परंतु तोपर्यंत ऊन काचेच्या आत आलेले असते. तोच आडोसा खिडकीच्या बाहेर असेल, मग तो छज्जा असो, बांबूची चिक असो वा वाळ्याचा पडदा असो, तर ऊन काचेपर्यंत पोचण्यापूर्वीच अडते. आपल्या वाडवडिलांनी चिका नेहमी बाहेरून सोडल्या, त्या उगीच नव्हेत.

एका छताचा हिशेब

आता या तत्त्वांना अंकांची जोड देऊ. पाच मीटर लांब व चार मीटर रुंद अशी एक खोली घ्या. तिच्या छताचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर होईल. छत १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे आहे. अशा उघड्या स्लॅबमधून, दोन बाजूंच्या तापमानात एक अंश सेल्सियस फरक असता, दर चौरस मीटरमागे सुमारे ३.३ वॅट उष्णता पार होते.

मे महिन्याची दुपार आहे. हवेचे तापमान ४० अंश आहे. छतावर हवेची उष्णता तर पडतेच, शिवाय प्रखर ऊनही पडते. काळपट पडलेली गच्ची उन्हाचा बराच मोठा भाग शोषून घेते. हवा व ऊन या दोहोंचा एकत्रित परिणाम बाहेरचे तापमान जणू ६५ अंश असावे इतका होतो, असे मानू. खोलीत ३० अंश तापमान राखावयाचे आहे. मग फरक ३५ अंशांचा झाला आणि छतातून आत येणारी उष्णता पुढीलप्रमाणे येईल :

३.३ × २० × ३५ = २,३१० वॅट.

आता त्याच गच्चीला पांढरा परावर्तक लेप दिला. चांगला पांढरा लेप ताजा असताना सूर्यप्रकाशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परत पाठवितो. त्यामुळे बाहेरचे परिणामी तापमान ६५ अंशांऐवजी सुमारे ४५ अंश होईल. फरक १५ अंशांवर आला :

३.३ × २० × १५ = ९९० वॅट.

याच छतावर पाच सेंटिमीटर जाडीचा, थर्मोकोलच्या जातीचा उष्णतारोधक थर घालून वर पांढरे आच्छादन केले, तर उष्णता पार होण्याचे प्रमाण ३.३ वरून सुमारे ०.६ वर येते :

०.६ × २० × १५ = १८० वॅट.

हा हिशेब स्थूल आहे, हे लक्षात ठेवावे. काँक्रीट उष्णता काही तास आपल्यात साठवून ठेवते, म्हणून दुपारची उष्णता खोलीत संध्याकाळी उतरते, आणि प्रत्यक्ष आकडे तासागणिक बदलत राहतात. तथापि तीन उत्तरांमधील प्रमाण विचार करण्याजोगे आहे. एक ‘टन’ शक्तीचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकू शकते. काळ्या छताखालील खोलीत या शक्तीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग केवळ छताशी झुंजण्यात खर्च होतो. सुधारलेल्या छताखाली त्याचा सुमारे विसावा हिस्साच लागतो. म्हणजे छत सुधारण्यापूर्वी जो यंत्र विकत घेईल, तो मोठे यंत्र घेईल. छत सुधारल्यावर घेणाऱ्याचे काम लहान यंत्राने भागेल, किंवा पंख्यानेही भागेल. वर म्हटलेल्या क्रमाचे महत्त्व येथे प्रथम दिसते.

न्यूयॉर्कच्या एका इमारतीची कथा

हेच तत्त्व प्रचंड प्रमाणावर कसे उपयोगी पडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात घडले. तेथील १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत १९३१ साली खुली झाली. पुढे सुमारे चार दशके ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. २००९ साली या इमारतीच्या नूतनीकरणाबरोबरच तिच्या ऊर्जावापरातही आमूलाग्र सुधारणा करण्याची योजना जाहीर झाली.

इमारतीला थंडावा पुरविणारी शीतनयंत्रे जुनी झाली होती. ती काढून नवी व अधिक शक्तीची बसवावीत, हा सरळ वाटणारा उपाय होता. परंतु अभियंत्यांनी आधी निराळा प्रश्न विचारला. एवढ्या थंडाव्याची गरज मुळात पडते कशामुळे? उत्तर शोधता त्यांचे लक्ष इमारतीच्या ६,५१४ खिडक्यांकडे गेले. त्या काढून नव्या बसविणे फार खर्चाचे होते. म्हणून इमारतीच्या पाचव्या मजल्यावरच एक कार्यशाळा थाटण्यात आली. दुहेरी काचेच्या जुन्या खिडक्या तेथे आणून उकलावयाच्या, काचा स्वच्छ करावयाच्या, दोन काचांच्या मधोमध एक अत्यंत पातळ लेपयुक्त पापुद्रा ताणून बसवावयाचा आणि पोकळीत आर्गॉन व क्रिप्टॉन या वायूंचे मिश्रण भरून खिडकी पुन्हा जागच्या जागी लावावयाची, असे काम चालले. हे वायू हवेपेक्षा उष्णतेचे मंद वाहक आहेत, आणि पापुद्र्यावरील लेप प्रारणाला परतवितो. वहन, अभिसरण व प्रारण या तिन्ही वाटा अशा रीतीने एकाच खिडकीत रोखल्या गेल्या, आणि जुन्या काचांपैकी बहुतेक सर्व पुन्हा वापरल्या गेल्या.

न्यूयॉर्कचा हिवाळा कडक असतो. खोल्या तापविण्यासाठी खिडक्यांखाली वाफेची उष्णकपाटे बसविलेली होती, आणि त्यांची कितीतरी उष्णता मागच्या बाहेरील भिंतीत निघून जात असे. कपाटामागे परावर्तक पत्रा बसविताच ती उष्णता खोलीकडे वळली. उपाय साधा, पण त्याची पुनरावृत्ती सहा हजारांहून अधिक ठिकाणी होत असल्यामुळे परिणाम मोठा झाला. याशिवाय दिव्यांची नवी रचना केली गेली. खोलीत माणसे किती आहेत त्याप्रमाणे ताजी हवा पुरविणारी नियंत्रणे बसली. भाडेकरूंना आपापला वीजवापर पाहता येईल अशी व्यवस्थाही झाली.

या सर्वांमुळे थंडाव्याची कमाल गरज सुमारे एक-तृतीयांशाने घटेल, असे गणिताने दिसले. मग नवी मोठी शीतनयंत्रे घेण्याचे कारणच उरले नाही. जुन्यांचीच दुरुस्ती पुरेशी ठरली, आणि त्या एका निर्णयाने भांडवली खर्चात सुमारे १ कोटी ७४ लाख डॉलर वाचले. ऊर्जासुधारणेसाठी मूळ योजनेपेक्षा जो जास्तीचा खर्च आला तो सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर होता, तर ऊर्जेवरील वार्षिक बचतीचा अंदाज ४४ लाख डॉलर होता. म्हणजे तीन वर्षांत खर्च भरून निघावा. एकंदर ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी कमी होईल आणि पंधरा वर्षांत सुमारे १,०५,००० टन कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन टळेल, असा हिशेब मांडण्यात आला होता. योजना पूर्ण होण्यापूर्वीच, पहिल्या वर्षी, सुमारे २४ लाख डॉलरची बचत झाल्याचे २०१२ साली जाहीर झाले.

या कथेतून तीन नियम निघतात. पहिला नियम असा की आधी गरज कमी करावी आणि मग यंत्राचा विचार करावा. दुसरा असा की जे दुरुस्त होऊ शकते ते टाकू नये. तिसरा नियम वेळेचा आहे. इमारतीचे नूतनीकरण होणारच होते, म्हणून ऊर्जासुधारणेचा फक्त जास्तीचा खर्च मोजावा लागला. तेच काम एरवी स्वतंत्रपणे काढले असते, तर ते इतके किफायतशीर ठरले नसते.

आपल्या हवामानात

न्यूयॉर्कमध्ये खिडकीला जे महत्त्व, ते आपल्या देशाच्या बहुतेक भागांत छताला आहे. आपल्याकडे सूर्य वर्षाचा बराच काळ डोक्यावर तळपतो, आणि बहुसंख्य इमारती एक ते चार मजल्यांच्या आहेत, त्यामुळे घरांचा मोठा हिस्सा थेट छताखाली येतो. गच्चीवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरसबंदी करण्याची आपल्याकडील जुनी पद्धत ही वस्तुतः परावर्तक छताचीच पद्धत होय.

या प्रश्नाची दुसरी बाजू अहमदाबादने देशाला दाखविली. मे २०१० मध्ये त्या शहरात उष्णतेची भीषण लाट आली आणि तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यातील मृत्यूंची आधीच्या वर्षांतील मृत्यूंशी तुलना करता १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासातून दिसून आले. त्यानंतर २०१३ साली अहमदाबादने उष्णतेच्या लाटेसाठी कृतियोजना आखली, आणि २०१७ साली गरीब वस्त्यांतील छतांना पांढरा लेप देण्याचा उपक्रम हाती घेतला. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाकडे वातानुकूलन यंत्र नसते. तेथे लेपामुळे विजेचे देयक फारसे उतरणार नाही. उतरतील ते खोलीतील अंश, आणि वृद्ध, आजारी व तान्ह्या मुलांच्या दृष्टीने ते अंश जीवनमरणाचे असू शकतात. तेलंगण राज्याने २०२३ साली शीतल छतांचे धोरण जाहीर केले आणि २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छते शीतल करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

येथे कोणी म्हणेल की, जेथे आज वीज खर्चच होत नाही तेथे उत्सर्जनाची बचत कसली? परंतु पुढचा विचार केला पाहिजे. भारत सरकारने २०१९ साली शीतनविषयक कृतियोजना प्रसिद्ध केली. देशातील थंडाव्याची मागणी २०१७-१८च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होईल, असा तीत अंदाज आहे. त्या वेळी शंभरांपैकी सुमारे आठच घरांत वातानुकूलन यंत्र होते. उरलेल्या घरांना थंडावा हवा आहे, आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. प्रश्न एवढाच की, तो तापलेल्या छताखाली मोठे यंत्र बसवून मिळवावयाचा की आधी छत सुधारून? जे यंत्र कधी विकत घ्यावेच लागले नाही, त्याचे उत्सर्जन कायमचे टळले.

एका शाळेतील पंखे

उष्णतेची वाट अडविल्यानंतर यंत्रांची पाळी येते. नेहमीच्या छतपंख्याला सुमारे ७५ वॅट शक्ती लागते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची, घर्षणकारी ‘ब्रश’ नसलेली नवी मोटर असलेला पंखा साधारण तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. एका शाळेत असे ४० पंखे आहेत आणि ते वर्षातील २०० दिवस रोज सहा तास चालतात असे समजा. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचले, तर वर्षाचे १,२०० तास धरून ५४ युनिट वाचतील, आणि ४० पंख्यांमागे २,१६० युनिट. कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे १,५०० किलोग्रॅमने, म्हणजे दीड टनाने घटेल. युनिटचा दर आठ रुपये धरल्यास वर्षाला १७,२८० रुपये शिल्लक राहतील.

मग सर्व पंखे आजच बदलावेत काय? नव्या पंख्याची किंमत २,८०० रुपये धरली, तर ४० पंख्यांना १,१२,००० रुपये पडतील आणि ते वसूल होण्यास साडेसहा वर्षे लागतील. हेच पंखे जसजसे निकामी होतील तसतसे बदलले, तर काय होईल? तेव्हा पंखा घ्यावा लागणारच असतो. साधा पंखा १,७०० रुपयांना मिळतो असे मानल्यास जास्तीचा खर्च पंख्यामागे १,१०० रुपये, म्हणजे एकंदर ४४,००० रुपये होईल, आणि तो सुमारे अडीच वर्षांत भरून निघेल. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतीला लागू पडलेला वेळेचा नियम खेड्यातील शाळेलाही असा लागू पडतो. म्हणून प्रत्येक संस्थेने आपल्या इमारतीची एक नोंदवही ठेवावी. गच्चीची डागडुजी कोणत्या वर्षी करावयाची आहे, रंग केव्हा द्यावयाचा आहे, पंखे किती जुने आहेत, हे तीत लिहिलेले असावे. गच्चीची गळती थांबविण्याचे काम निघेल त्याच वेळी पांढरा लेप किंवा उष्णतारोधक थर घालून घ्यावा. ती संधी हुकली तर पुढील डागडुजीपर्यंत थांबावे लागते.

दिव्यांच्या बाबतीत मात्र थांबण्याचे कारण नाही. तप्त तारेचा ६० वॅटचा दिवा आपल्या विजेपैकी फारच थोड्या भागाचा प्रकाश करतो आणि उरलेल्याची उष्णता करतो. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढाच प्रकाश देतो. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. हा उभ्या घरांतील सुधारणेचाच एक प्रचंड प्रयोग होता. जेथे वातानुकूलन यंत्र आहे तेथे ते २४ अंशांवर ठेवावे. १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू करताच २४ अंशांवरच येतील अशी रचना सक्तीची झाली आहे. तापमान एक अंशाने वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने सांगितले आहे.

काही सावधगिरीच्या सूचना

कोणताही उपाय सर्वत्र सारखा लागू पडत नाही. सिमला किंवा लेह येथे खोलीत उष्णता येणे हेच इष्ट आहे. तेथे पांढऱ्या छतापेक्षा उष्णतारोधक थर आणि दक्षिणेचे ऊन आत घेणारी खिडकी यांचे महत्त्व अधिक आहे. पांढरा लेप धुळीने मळतो व त्याचा गुण कमी होतो, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी तो धुवावा. फटी बुजविताना वायुवीजन बंद होता कामा नये. वर्गात चाळीस मुले बसली असताना ताजी हवा मिळाली नाही, तर मुलांना सुस्ती येते व रोग पसरतात. कोंदट समुद्रकिनाऱ्यावर वारा आरपार जाऊ देणे हा थंडाव्याचा पहिला उपाय होय.

शेवटची सूचना मनुष्यस्वभावाविषयी आहे. देयक कमी आले म्हणून यंत्र अधिक तास चालविले, तर बचत एका हाताने मिळवून दुसऱ्या हाताने घालविल्यासारखे होते. यासाठी मोजमाप आवश्यक आहे. वर्षभरातील एकूण युनिटांना इमारतीच्या चौरस मीटरमधील बांधीव क्षेत्रफळाने भागले असता जो अंक येतो, त्याला ऊर्जा-निर्देशांक म्हणतात. कचेऱ्यांच्या इमारतींना तारांकन देण्याची जी पद्धत आपल्याकडे २००९ साली सुरू झाली, तिचा आधार हाच अंक आहे. हा भागाकार सातवीतील विद्यार्थीही करू शकेल. दरवर्षी तो फलकावर लिहिला, तर आपली इमारत सुधारते आहे की बिघडते आहे, हे सर्वांना दिसेल.

उपसंहार

नवी विद्युत्केंद्रे उभारणे शासनाच्या व मोठ्या उद्योगांच्या हाती आहे. सूर्य व वारा यांपासून वीज मिळविण्याचे प्रयत्न देशात वेगाने चालू आहेत, आणि ते चालूच राहिले पाहिजेत. परंतु ज्या विजेची गरजच उरली नाही, तिच्यासाठी कोळसा खणावा लागत नाही, तारा ओढाव्या लागत नाहीत आणि जमीनही अडकून पडत नाही. ही वीज आपल्या गच्चीवर, खिडकीबाहेर आणि मीटरच्या आकड्यांत मिळवावयाची असते. तिचा आरंभ ग्रामपंचायतीची कचेरी, वाचनालय किंवा शाळा यांपैकी कोणीही करू शकेल. आधी गरज कमी करावी, मग यंत्र निवडावे आणि डागडुजीची वेळ साधावी, एवढा क्रम पाळला म्हणजे थोड्या पैशांत पुष्कळ साधते.

स्वतः करून पाहा

१. बिस्किटांचे सारख्या आकाराचे तीन रिकामे पत्र्याचे डबे घ्या. एक बाहेरून काळा रंगवा. दुसऱ्यास चुन्याचा दाट हात द्या. तिसऱ्यासही चुना देऊन त्याच्या झाकणाखाली थर्मोकोलचा तुकडा बसवा. तिन्हींत तापमापक ठेवून ते दुपारी एक तास उन्हात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा. नोंदींचा आलेख काढा.

२. वारा वाहत असताना वर्गाची दारे-खिडक्या लावून घ्या आणि पेटलेली उदबत्ती त्यांच्या कडांजवळून सावकाश फिरवा. मात्र ती पडद्यांपासून दूर धरा आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच हा प्रयोग करा. धूर कोठे ओढला जातो व कोठे ढकलला जातो, त्यावरून फटी शोधा.

३. शाळेची गेल्या बारा महिन्यांची वीजदेयके मिळवा आणि ऊर्जा-निर्देशांक काढा. कोणत्या महिन्यात वापर सर्वांत अधिक आहे व का, याची चर्चा करा.

प्रश्न

१. आतील पडद्यापेक्षा बाहेरील चिक अधिक उपयोगी का ठरते?

२. एम्पायर स्टेट इमारतीत नवी मोठी शीतनयंत्रे घेण्याची गरज का उरली नाही?

३. लेखातील खोलीच्या छताला पांढरा लेप न देता केवळ उष्णतारोधक थर घातला आणि बाहेरचे परिणामी तापमान ६५ अंशच राहिले, तर किती वॅट उष्णता आत येईल? या उत्तराची पांढऱ्या लेपाच्या उत्तराशी तुलना करा.

४. तुमच्या शाळेच्या इमारतीत कोणती सुधारणा आधी करावी असे तुम्हांला वाटते? कारणे द्या.